बंपरवर नंबर प्लेट नीट कशी बसवायची? एचएसआरपी लावून घेताना या गोष्टी तपासा

गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि मोबाईलवर मेसेज येतो. भलत्याच शहरात सिग्नल तोडल्याचं ई-चलन, तेही तुमच्या नावावर! असं व्हायला दोन कारणं असू शकतात. कुणीतरी तुमच्या गाडीचा नंबर स्वतःच्या गाडीला लावलाय, किंवा कॅमेऱ्याने दुसऱ्याच गाडीचा नंबर चुकीचा वाचलाय.

म्हणूनच प्लेट सहज निघू नये आणि लांबूनही स्वच्छ वाचता यावी, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. दिसायला नीटनेटकी हे त्यानंतर. आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक आहे. ती बसवून घेताना काय बघायचं, ते समजून घेऊ.

एचएसआरपी साध्या प्लेटपेक्षा वेगळी कशी?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ५० मध्ये या प्लेटची रचना ठरवून दिली आहे. १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर उठावदार अक्षरं, डावीकडे वर अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम आणि डावीकडेच खाली लेझरने कोरलेला १० अंकी क्रमांक. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा हा क्रमांक वेगवेगळा असतो आणि तो सरकारी 'वाहन' प्रणालीत तुमच्या गाडीशी जोडला जातो.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या ही प्लेट घेऊनच येतात. त्याआधी नोंदणी झालेल्या गाड्यांच्या मालकांना ती स्वतः मागवावी लागते. राज्याने यासाठीची मुदत अनेकदा वाढवून दिली. चारचाकीचा ठरलेला दर ७४५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८७९ रुपये आहे.

बुकिंग परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच सुरू करा. सर्चमध्ये वर दिसली म्हणून कुठलीही लिंक उघडू नका. मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट साइट्स पैसे घेतात, पण प्लेट येत नाही.

प्लेट घरी आणून स्वतः बसवता येते का?

नाही. ही प्लेट स्नॅप लॉकने बसवतात. हे लॉक एकदा बसलं की पुन्हा उघडत नाही, काढायचं तर तोडावंच लागतं. प्लेट चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. त्यामुळे ती अधिकृत केंद्रावरच बसवून घ्यायची. जादा शुल्क भरून माणूस घरी बोलावण्याची सोयही असते.

पण काम केंद्रावरचा माणूस करणार असला तरी लक्ष तुम्हालाच ठेवायचंय. एकदा लॉक बसलं की "जरा डावीकडे घ्या ना" म्हणून उपयोग नाही.

जाण्याआधी घरी काय करायचं?

जुन्या प्लेटची जागा मोजा. कारसाठी दोन मापं आहेत: ५०० बाय १२० मिलिमीटरची लांबट आणि ३४० बाय २०० मिलिमीटरची चौकोनी. बऱ्याच गाड्यांना दोन्हीकडे लांबट प्लेट बसते, पण काहींच्या डिकीवरची जागा चौकोनी असते.

जुने स्क्रू गंजून घट्ट झाले असतील तर आदल्या दिवशी त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ऐनवेळी जोर लावला की प्लास्टिकचा बंपर तडकतो. जुन्या प्लेटमागे साचलेली माती आणि डबल टेपचा चिकटपणाही पुसून काढा.

बसवताना काय बघायचं?

• मध्य: प्लेट जागेवर धरून दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजायला सांगा. भोकं पाडण्याआधी मास्किंग टेप लावून त्यावर खुणा करून घ्या.

• सरळपणा: गाडी उतारावर उभी असेल तर लेव्हल चुकीचं दाखवते. त्याऐवजी बंपरच्या किंवा जाळीच्या आडव्या रेषेशी प्लेट जुळवा आणि चार-पाच पावलं मागे जाऊन बघा.

• भोक: जुनी भोकं जुळत असतील तर तीच वापरा. नवं पाडायचं तर आधी बारीक बिटने. बंपरच्या मागे सेन्सरच्या वायरी किंवा रेडिएटर असू शकतो, म्हणून बिट किती आत जाईल त्याची टेप गुंडाळून खूण करून घ्यावी.

• स्क्रूची जागा: स्क्रू अक्षरांवर किंवा आकड्यांवर येऊ नये. काळ्या डोक्याचा स्क्रू ३ च्या उघड्या बाजूला बसला, तर कॅमेऱ्याला तो ८ वाटू शकतो.

• घट्टपणा: बंपर वक्र असतो आणि पत्रा पातळ. स्क्रू फार पिळला की प्लेट वाकते, ढिला राहिला की खडखडते. मागे रबरी वॉशर दिले की दोन्ही त्रास वाचतात.

• मागची बाजू: रिव्हर्स कॅमेरा आणि प्लेटवरचा दिवा झाकला जात नाही ना, हे बघा. रात्री पांढऱ्या उजेडात मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता यायला हवा, असा नियम आहे.

निघण्याआधी दोन्ही प्लेटवरचे लेझर क्रमांक पावतीशी जुळवा आणि त्यांचे फोटो काढून ठेवा. पुढच्या काचेवर आतून लावायचा स्टिकरही मागून घ्या. त्याचा रंग इंधनानुसार असतो: पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी.

काय चालत नाही?

इंग्रजीतल्या ४१४१ ला वळण देऊन केलेला 'दादा', २१४ चा 'राम', ८०५५ चा 'बॉस' हे प्रकार आपल्याकडे रेडियमच्या दुकानात सर्रास बनायचे. नियमानुसार अक्षरं इंग्रजी आणि आकडे ठरलेल्या साच्यातलेच हवेत. देवनागरी आकड्यांची प्लेटही नियमात बसत नाही.

होलोग्राम किंवा लेझर क्रमांक झाकणारी फ्रेम, वरून लावलेली काळसर फिल्म, नंबरवर चिकटवलेला झेंडा किंवा पक्षाचं चिन्ह हेही टाळा. पुढे लावलेल्या बुल बारमुळे नंबर झाकला जातोच, शिवाय असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना दिले आहेत.

बंपर बदलला किंवा प्लेट हरवली तर?

अपघातानंतर बंपर बदलताना गॅरेजवाला लॉक तोडून प्लेट काढतो आणि साध्या स्क्रूने परत लावतो. अशी प्लेट कुणीही दोन मिनिटांत काढून नेऊ शकतं. म्हणून केंद्राशी संपर्क साधून ती पुन्हा लॉकसह बसवून घ्या. वाकली किंवा फुटली असेल तर खराब प्लेट बदलण्याचा पर्याय निवडून नवी मागवता येते.

प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर मात्र आधी पोलिसांत तक्रार द्या. नव्या प्लेटसाठी तिची प्रत लागतेच. शिवाय उद्या तुमच्या नंबरची दुसरी गाडी कुठे पकडली गेली, तर प्लेट कधीपासून तुमच्याकडे नव्हती याचा पुरावा त्याच कागदावर असतो.