‘शहाजी’ : एका नावाचा उगम आणि प्रवास

‘शहाजी’ हे नाव उच्चारताच छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांचे स्मरण होते. आज अस्सल मराठमोळे वाटणारे हे पुरुषनाम भोसले घराण्यात आले ते निजामशाहीची राजधानी असलेल्या अहमदनगरमधील (आताचे अहिल्यानगर) एका सूफी सत्पुरुषाच्या नावावरून.

मूळ शब्द ‘शाह’ हा फारसी असून त्याचा अर्थ राजा. प्राचीन इराणी शिलालेखांत त्याचे रूप ‘क्षायथिय’ असे आढळते. संस्कृतातील ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच कुळातले. बुद्धिबळातील ‘शह’ हा तोच शब्द. अरबीमार्गे युरोपात गेल्यावर त्यातूनच फ्रेंच ‘एशेक’ आणि इंग्रजी ‘चेस’ ही खेळाची नावे घडली. गुजराती आडनाव ‘शहा’ मात्र निराळे. ते संस्कृत ‘साधु’ या शब्दापासून, व्यापाऱ्यांच्या उपाधीतून आले, असे मानले जाते.

सूफी परंपरेत ‘शाह’ ही संतांच्या नावापुढे लावण्याची आदरार्थी उपाधी होय. अशाच शाह शरीफ या सत्पुरुषाचा दर्गा नगर शहरालगत दर्गादायरा येथे आहे. वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या चाकरीत होते. त्यांना व उमाबाईंना अपत्य नव्हते. शाह शरीफ यांना केलेल्या नवसानंतर दोन पुत्र झाले आणि कृतज्ञतेपोटी थोरल्याचे नाव शहाजी, धाकट्याचे शरीफजी ठेवले गेले, अशी परंपरा आहे. एकाच नावाची ही दोन भावांत झालेली वाटणी. ‘शरीफ’ म्हणजे अरबीत कुलीन. दोन्ही शब्दांना मराठी वळणाचा ‘जी’ जोडला गेला.

संस्कृतनेही हे नाव बदलले नाही. नेवाशाचे कवींद्र परमानंद यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात शहाजीराजांना ‘शाह’ असेच संबोधले आहे. महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेतही वडिलांचा उल्लेख ‘शाह’ असाच येतो.

दोन्ही भाऊ 1624 मध्ये मलिक अंबरच्या बाजूने भातवडीच्या लढाईत उतरले. मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा येथे पराभव झाला. नगर तालुक्यातील या रणांगणावर शरीफजी धारातीर्थी पडले. शहाजीराजे पुढे आदिलशाहीत गेले. 1664 मध्ये कर्नाटकातील होदिगेरे येथे त्यांचे निधन झाले.

पुढील पिढ्यांत ही नावे पुन्हापुन्हा ठेवली गेली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरचे राज्य स्थापिले. त्यांच्या पुत्रांपैकी एक शहाजी, तर दुसरा सरफोजी. ‘सरफोजी’ हे ‘शरीफजी’चेच रूप मानले जाते, पुढे ते ‘शरभोजी’ असेही लिहिले गेले. तंजावरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द 1684 ते 1712) तेलुगूत नाट्यरचना केली. सातारच्या गादीवर 1839 ते 1848 या काळात शहाजी ऊर्फ आप्पासाहेब होते. त्यांच्या निधनानंतर इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. कोल्हापूरच्या छत्रपतींतही शहाजी नावाचे दोन राजे झाले.

भातवडीवर पडलेल्या धाकट्या भावाचे नाव महाराष्ट्रात फारसे रुजले नाही. ते कावेरीकाठी टिकले. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणणारे दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. नगरच्या एका पीराचे नाव धारण करणाऱ्या राजाने शिवमंदिराच्या भिंतीवर आपल्या कुळाची हकीकत लिहिली, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. नावे ज्या श्रद्धेतून ठेवली जातात, ती श्रद्धा अशी राज्यांहून अधिक काळ टिकते.