वेस्ट पॉइंट : आधी नेतृत्व, मग मैदान

अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १९७६ साली ११९ मुली दाखल झाल्या. १९८० मध्ये त्यांतल्या ६२ पदवीधर झाल्या. मुलांना मुष्टियुद्ध सक्तीचे होते, मुलींना त्याऐवजी स्वसंरक्षणाचे धडे दिले जात. मार खाऊनही डोके शांत ठेवण्याची कसोटीच अशाने त्यांना नाकारली गेली. शारीरिक निकष वेगळे असले की नेतृत्वही दुय्यम ठरते, असा आक्षेप घेतला जातो. पण धावण्याची वेळ शरीराची तयारी मोजते, निर्णयशक्ती नव्हे. १९८९ मध्ये इथल्याच विद्यार्थिनी क्रिस्टिन बेकर संपूर्ण कॅडेट ब्रिगेडच्या प्रमुख झाल्या. मुष्टियुद्धाची सक्ती मात्र मुलींना लागू झाली ती थेट २०१६ मध्ये. म्हणजे ती सवलत स्त्रियांच्या मर्यादेचा पुरावा नव्हती, संस्थेच्या संकोचाचा होती.