एक अब्ज शहात्तर कोटींचे उत्तर

एका पूर्ण संख्येचा वर्ग करावा, त्याला ६१ ने गुणावे आणि त्यात १ मिळवावा. येणारी संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त हे उदाहरण घातले. दिसायला आठवीच्या मुलाचे! ६१ च्या जागी ६० घेतले तर उत्तर ४ (बेरीज ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग). ६२ घेतले तर ८ (६३ चा वर्ग). ६१ चे उत्तर मात्र, शून्य सोडल्यास, लहानात लहान २२,६१,५३,९८० आहे, आणि मिळणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९.

या मुळाचा वर्ग एकोणीस अंकी. साध्या कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही, म्हणून मी नववीच्या मुलांना त्याचे दोन शेजारी तपासायला सांगतो. एकाने कमी असलेली संख्या म्हणजे २९७१८ च्या वर्गाची दुप्पट. एकाने जास्त असलेली म्हणजे ३८०५ च्या वर्गाची १२२ पट. मुळाच्या वर्गातून १ वजा केला की उरतो या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार. २ गुणिले १२२ म्हणजे २४४, अर्थात ६१ ची चौपट. आणि ४ हा स्वतःच वर्ग. ६१ बाजूला काढले की २ × २९७१८ × ३८०५ चा वर्ग उरतो, आणि हा गुणाकार बरोबर २२,६१,५३,९८० भरतो. मोठा वर्ग करावाच लागत नाही.

आचार्यांची रीत चक्रवाळाची. ८ च्या वर्गातून ६१ गेले की ३ उरतात, तेथून आरंभ. चक्राच्या एका फेरीत ३९ व ५ ही जोडी येते: ३९ चा वर्ग १५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर अवघे चार. पुढचे काम ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ मधील 'भावना' या रीतीने, म्हणजे उत्तरांच्या जोड्या एकमेकींशी जुळवून होते.

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने समकालीन गणितज्ञांना हेच आव्हान दिले, आणि उदाहरणांत नेमका ६१ घेतला! इंग्लंडच्या ब्राउंकर आणि वॉलिस यांनी ते सोडविले. पुढे ऑयलरने समीकरणाला पेलचे नाव दिले, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. तेच पुस्तकांत रूढ झाले. माझ्या मते हे नाव बदलायला हवे. पण मग आपणही सारे श्रेय भास्कराचार्यांना देऊन मोकळे होऊ नये. इ. स. १०७३ च्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या गणितीची चक्रवाळ-रीत उद्धृत केलेली आहे. म्हणजे ती भास्कराचार्यांच्या जन्माआधीची.

आपल्या सीमाभागात आचार्य मराठी की कानडी, हा वाद रंगतो. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळचे विज्जडविड एवढेच सांगितले, आणि लिहिले संस्कृतात. कोणी विजापूर म्हणतो, कोणी चाळीसगावजवळचे पाटण. पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढल्याचे तो सांगतो.

फर्माचा दुसरा आकडा होता १०९. त्याचे मूळ पंधरा अंकी: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. त्याचेही शेजारी तसेच आहेत: एक ८८,९०,१८२ च्या वर्गाची दुप्पट, दुसरा ८,५१,५२५ च्या वर्गाची २१८ पट. दिवाळीच्या सुटीत घरच्या मुलांना कागद-पेन्सिल घेऊन पडताळायला बसवा.