किशोरवयीन आरोग्य-सवयी : आंतरराष्ट्रीय तुलना व यावल तालुका

निरनिराळ्या देशांतील साधारण 11 ते 15 वयाच्या मुलामुलींचा आहार, खेळ, दातांची निगा, व्यसने व मनःस्वास्थ्य यांची समान प्रश्नावलीने केलेली तुलना. येथे ती जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्याच्या संदर्भात पाहिली आहे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी. सखल भागात केळी व कापूस, डोंगरपायथ्याशी तडवी व पावरा समाजांची गावे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय यावल येथे आहे.

प्रमुख पाहण्या : इंग्लंड, फिनलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी 1982 मध्ये सुरू केलेली एचबीएससी ही शालेय मुलांची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर चार वर्षांनी होते. ती 11, 13 व 15 वर्षांच्या मुलांची असते. 2021-22 च्या फेरीत युरोप, मध्य आशिया व कॅनडा मिळून 44 देश व प्रदेश होते. भारत तीत नाही. आशिया-आफ्रिकेतील देशांसाठी जीएसएचएस ही पाहणी 2003 पासून होते. भारतात ती 2007 मध्ये झाली, पण केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांपुरतीच. जिल्हा परिषदेची शाळा वा आश्रमशाळा तीत आली नाही, म्हणून तिचे आकडे खेड्यातील मुलांना लावणे योग्य नव्हे.

तंबाखू : या विषयाची कागदपत्रे सर्वांत भरघोस आहेत. 13 ते 15 वयोगटाच्या जागतिक युवा तंबाखू पाहणीची भारतातील चौथी फेरी 2019 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली. त्या वेळी 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत होते (मुलगे 9.6, मुली 7.4). 2009 मध्ये हे प्रमाण 14.6 टक्के होते. युरोपात चिंता आहे ती ई-सिगारेटची : एचबीएससीच्या 2021-22 च्या फेरीत 15 वर्षांच्या 32 टक्के मुलांनी ती कधी ना कधी ओढली होती. भारतात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 मध्ये आली, तर शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. दातांविषयीचा प्रश्नही येथे तंबाखूकडेच जातो. ‘दिवसातून किती वेळा दात घासता?’ असे प्रश्नावली विचारते. कशाने, हे महाराष्ट्रात विचारले नाही तर तंबाखूची मिशरी लावणारे मूलही दात स्वच्छ ठेवणाऱ्यांत मोजले जाईल.

हालचाल : 11 ते 17 वयाच्या मुलांना रोज 60 मिनिटांची हालचाल आवश्यक मानतात. 146 देशांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 81 टक्के मुले त्यात कमी पडली. दक्षिण कोरियात हे प्रमाण 94, भारतात सुमारे 74, बांगलादेशात 66 टक्के होते. भारत-बांगलादेशचे आकडे तुलनेने बरे का, याचे अभ्यासकांनी दिलेले संभाव्य कारण मुलग्यांसाठी क्रिकेट आणि मुलींसाठी घरकाम असे आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणे, यांनी तास भरतो. पण तो खेळाचा तास नव्हे, आणि अशा मुलीला ‘पुरेशी सक्रिय’ ठरवून समाधान मानणे अन्यायाचे आहे.

आहार व रक्तक्षय : एचबीएससीच्या व्याख्येत न्याहारी म्हणजे दूध वा फळांच्या रसाहून अधिक काही. चहा-पोळीची न्याहारी त्या व्याख्येत बसेल, पण जेवणालगतच्या चहाने अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळा येतो, हे त्या उत्तरात उमटत नाही. केंद्र सरकारच्या 2016-18 च्या पोषण पाहणीत 10 ते 19 वयाच्या 40 टक्के मुलींत व 18 टक्के मुलग्यांत रक्तक्षय आढळला. शाळांतून आठवड्याला दिली जाणारी लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी त्यासाठीच आहे. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देऊ केले, न खाणाऱ्यास केळे. अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम 1 ग्रॅम. केळीच्या तालुक्यातही हा पर्याय बरोबरीचा नाही. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा सरकारी निधी थांबवण्यात आला.

मनःस्वास्थ्य : जीएसएचएसमध्ये एकटेपणा, काळजीने झोप न लागणे व जवळचे मित्र यांविषयी प्रश्न असतात.

सिकलसेल : स्वतंत्र नोंद पहा.

जिल्हा व तालुका पातळी : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्हावार आकडे देते, मात्र तिच्या 2019-21 च्या फेरीत वजन-उंची व रक्ताची तपासणी पाच वर्षांखालील बालके आणि 15 वर्षांवरील व्यक्तींची झाली. मधली 10 ते 14 वयाची मुले वगळली गेली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मात्र 2013 पासून शासकीय व अनुदानित शाळांत जाऊन मुले तपासतात. यावलसारख्या तालुक्याची इतर देशांशी तुलना करू पाहणाऱ्याने आधी या तपासणीच्या नोंदी वापराव्यात.