एक करारनामा, दोन मजकूर



फिलिपाइन्सचा नकाशा उघडून पाहा. अगदी दक्षिणेला, बोर्निओच्या दिशेने, लहान लहान बेटांची एक माळ दिसेल. हा सुलू द्वीपसमूह, आणि जोलो हे त्यातील मुख्य बेट. स्पॅनिश लोक या समुद्रात येण्यापूर्वीपासून येथे मुसलमानांची सुलतानशाही नांदत होती. २० ऑगस्ट १८९९ रोजी अमेरिकेचे ब्रिगेडियर जनरल जॉन बेट्स आणि सुलूचे सुलतान जमालुल किराम दुसरे यांच्यात जोलो येथे एक करार झाला. त्याचा एक मजकूर इंग्रजीत होता. दुसरा सुलूच्या तौसुग भाषेत, अरबी वळणाच्या लिपीत. इंग्रजीतील पहिले कलम सांगते की, संपूर्ण द्वीपसमूहावर अमेरिकेचे सार्वभौमत्व आहे, असे जाहीर व मान्य करण्यात येत आहे. सुलू मजकुरात सार्वभौमत्वाची ही कल्पनाच नाही. या बेटांना आधार, साहाय्य आणि संरक्षण अमेरिकेचे राहील, एवढाच त्याचा आशय. एका पक्षाने राज्य घेतले. दुसऱ्याची समजूत अशी की, आपण बलवान मित्र जोडला.

स्वतः एका साम्राज्याशी लढून स्वतंत्र झालेला अमेरिकेसारखा देश पॅसिफिक महासागर ओलांडून येथवर आला कसा? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रेड इंडियनांच्या जमिनी घेत घेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतवाल्यांची सरहद्द आता उरली नाही, असा निष्कर्ष १८९० च्या जनगणनेवरून निघाला. त्याच साली आल्फ्रेड महान या नौदल अधिकाऱ्याचा समुद्रसत्तेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याचे आरमार मोठे त्याचा व्यापार मोठा, हे त्यातील सूत्र. त्या काळची जहाजे कोळशावर चालत. म्हणजे आरमार ठेवायचे तर वाटेत कोळसा भरण्यासाठी बंदरे हवीत. १८९३ मध्ये हवाई बेटांतील साखर मळ्यांशी निगडित गोऱ्या मंडळींनी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले, तेव्हा अमेरिकन युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरलेले होते. या कृत्याबद्दल अमेरिकन काँग्रेसने माफी मागितली ती १९९३ साली, बरोबर शंभर वर्षांनी!

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबातील हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. वृत्तपत्रांनी स्पेनकडे बोट दाखवले आणि देश पेटला. १९७६ मध्ये नौदलातील तज्ज्ञांनी पुन्हा अभ्यास केला, तेव्हा जहाजातीलच कोळशाची आग हे संभाव्य कारण ठरले. पण तोवर त्या युद्धाला ७८ वर्षे लोटली होती. युद्ध क्यूबाच्या मुक्ततेसाठी म्हणून पुकारले, आणि पहिली मोठी लढाई झाली ती १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले. फिलिपाइन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर देण्याचे ठरले. फिलिपिनो नेते एमिलिओ आगिनाल्डो यांनी १२ जूनलाच स्वातंत्र्य घोषित केले होते. त्यांचे प्रतिनिधी फेलिपे आगोन्सियो पॅरिसला जाऊन पोहोचले, पण त्यांना बैठकीत बसू दिले नाही. ज्यांच्या देशाचा सौदा, तेच दाराबाहेर.

४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाजवळ अमेरिकन व फिलिपिनो सैन्यांत गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी अमेरिकन सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. दोनतृतीयांश बहुमतापेक्षा अवघे एक मत जास्त. गोऱ्या माणसाच्या खांद्यावरील ओझ्याचे गुणगान करणारी किप्लिंगची कविता याच महिन्यातली आणि याच बेटांना उद्देशून लिहिलेली. हे कवी आपल्या मुंबईत जन्मलेले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

उत्तरेत युद्ध पेटलेले असताना दक्षिणेतील मुसलमानही उठले तर काय, ही अमेरिकेची चिंता होती. तिचे तुर्कस्तानातील वकील ऑस्कर स्ट्राउस यांनी सुलतान अब्दुल हमीद यांची भेट घेतली. अमेरिकेचे इस्लामशी वैर नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी १७९६ च्या त्रिपोलीच्या तहातील अकरावे कलम पुढे केले. खलिफांनी मक्केत आलेल्या सुलूच्या मंडळींना, अमेरिकनांशी लढू नका, असा निरोप धाडला, असे स्ट्राउस यांनी आठवणींत लिहिले आहे. निरोपाचा परिणाम किती झाला, याबाबत त्यांचा शब्द थोडा जपूनच घ्यावा. मौज अशी की, हे अकरावे कलम त्रिपोलीच्या तहाच्या इंग्रजी प्रतीत आहे. अरबी प्रतीत त्या जागी भलतेच एक पत्र आहे!

आता पुन्हा जोलोला येऊ. बेट्स यांच्या करारात सुलतान व त्यांच्या दातूंचा, म्हणजे सरदारांचा, मान राखण्याचे आणि धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. सुलतानांना दरमहा २५० मेक्सिकन डॉलर तनखा ठरला. आपल्याकडील तैनाती फौजेच्या तहांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. सुलूचे राज्यकर्ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. तेथे गुलामगिरी होती, आणि गुलामाने बाजारभाव भरून सुटका करून घ्यावी, असे कलम या करारातच होते. ज्या अमेरिकेने गुलामगिरी संपवण्यासाठी आपसांत रक्त सांडले, तिच्या जनरलने त्याखाली सही केली. गरज तशी होती. १९०२ च्या जुलैत उत्तरेतील युद्ध संपल्याचे जाहीर झाले आणि गरजही संपली. १९०४ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी करार रद्द केला. दुसऱ्या पक्षाने वचने पाळली नाहीत, हे कारण देण्यात आले.

करार गेला आणि डोईपट्टी आली. ती देण्यास नकार देणारे शेकडो लोक बायकामुलांसह बुद दाहो या ज्वालामुखीच्या माथ्यावर जाऊन राहिले. मार्च १९०६ मध्ये जनरल लेनर्ड वुड यांच्या फौजेने तोफा वर चढवल्या. मृतांचा आकडा सहाशेपासून हजारापर्यंत सांगितला जातो. अमेरिकनांचे सुमारे वीस मेले. रूझवेल्ट यांनी अभिनंदनाची तार केली.

पण सारी अमेरिका एका सुरात बोलत होती, असे समजू नका. मार्क ट्वेन साम्राज्यविरोधी संघाचे उपाध्यक्ष होते. बुद दाहोवर त्यांनी जे जळजळीत लिहिले, ते मात्र त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. प्रेतांच्या खंदकाभोवती उभ्या सैनिकांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. निग्रो समाजाचे नामवंत प्राध्यापक डु बॉइस यांनी ते आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावण्याची इच्छा १९०७ मध्ये पत्राने कळवली. प्रशासनातही डॉ. नजीब सलीबी यांच्यासारखा माणूस होता. बैरूतला शिकलेले, अरबी जाणणारे हे डॉक्टर मोरो प्रांताचे शाळा-अधीक्षक होते. सुलूच्या वंशावळी आणि जुने दस्तऐवज त्यांनी वाचले, भाषांतरित केले आणि १९०५ व १९०८ मध्ये ग्रंथरूपाने छापले. तिकडे पालक मात्र मुलांना अमेरिकन शाळेत धाडायला कचरत होते. शाळेतून धर्म बदलतील, ही त्यांची धास्ती. बुद दाहोनंतर ती कमी व्हावी कशी?

२२ मार्च १९१५ रोजी सुलतान जमालुल किराम यांनी झांबोआंगा येथे गव्हर्नर कार्पेंटर यांच्यापुढे आणखी एका कागदावर सही केली. अमेरिकेचे सार्वभौमत्व आपण बिनशर्त मानतो आणि राज्याधिकार सोडतो, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. धर्मप्रमुखपद तेवढे त्यांच्याकडे राहिले. मित्रांनो, इंग्रजी मजकुराप्रमाणे हे सार्वभौमत्व १८९९ सालीच मान्य झाले होते. मग सोळा वर्षांनी हा दुसरा कागद कशासाठी करून घ्यावा लागला?