हँडल मारण्याचा काळ

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. याच खोऱ्यात माहूरच्या रेणुकेचा मुलूख. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी मोटारवाहतूक सुरू केली.

त्या काळी मोटारीस आधी हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली की यंत्र उलटे फिरे व हँडलचा तडाखा मनगटावर बसे. म्हणून जाणता चालक अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवी. मूठ आवळणाऱ्याचा हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीस विजेचा स्टार्टर लाभला, तरी आपल्याकडे हँडल पुष्कळ वर्षे टिकले.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ होऊन गाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. या वायूत जोर कमी. चढ लागला की भाडे भरलेले उतारूच खाली उतरून गाडी ढकलीत! प्रसंग हसण्याजोगा खरा. परंतु त्याच वायूतील कार्बन मोनॉक्साइड श्वासावाटे प्राण घेई, आणि त्यास वासही नसे.

म्हणूनच दसऱ्यास मोटारीपुढे नारळ फोडणाऱ्या चालकास आम्ही भाबडा म्हणणार नाही. यंत्राचा स्वभाव त्याच्या मनगटास पुरता ठाऊक होता.