डिप्लॉयर नावाचा माणूस

मार्च २००६. शनिवारी संध्याकाळी हिंजवडीहून घरी फोन केला की आज रात्री येत नाही, रिलीज आहे. आईने विचारलं, "रात्रभर तुम्ही नक्की करता तरी काय गं?" मी म्हटलं, "एक फाइल लंडनच्या एका मशीनवर ठेवतो आणि चालू करतो." जरा थांबून ती म्हणाली, "एका फाइलला अख्खी रात्र लागते?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१९६९ साली आयबीएमने सीआयसीएस नावाची प्रणाली बाजारात आणली. मुळात ती वीज, पाणी अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी होती. शेकडो कारकून एकाच वेळी त्याच त्या खात्यांना हात घालणार. कोणाचं काम आधी, अर्धवट राहिलेला व्यवहार मागे कसा घ्यायचा, एक प्रोग्राम कोसळला तर बाकीच्यांचं काय, हे सगळं प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने सोडवत बसू नये म्हणून मध्ये एक कारभारी बसवला. ऐंशीच्या दशकात बेल लॅब्जमध्ये टक्सिडो तयार झालं, त्याने हेच युनिक्सवर केलं. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणून जे पुढे गाजलं, त्याची कुळकथा इथे सुरू होते. वेब नंतर आलं.

१९९५ साली जावा आली आणि त्याच वर्षी चौघांनी वेबलॉजिक ही कंपनी काढली. त्यांच्या सर्व्हरचं सुरुवातीचं नाव होतं 'तेंगाह'. इंडोनेशियन भाषेत त्याचा अर्थ मध्य; जावा बेटाच्या मधल्या प्रांताला 'जावा तेंगाह' म्हणतात. इकडे ब्राउझर, तिकडे डेटाबेस, मधे हा. १९९८मध्ये बीईए सिस्टम्सने वेबलॉजिक विकत घेतली. टक्सिडो आधीपासून बीईएकडेच होतं, म्हणजे जुन्या घराण्याने नवी सून आणावी तसंच हे झालं. त्याच वर्षी आयबीएमचं वेबस्फिअर आलं. आणि डिसेंबर १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जे-टू-ईई हा नियमांचा संच जाहीर केला. या नियमांनुसार लिहिलेलं अ‍ॅप्लिकेशन कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर चालावं, अशी कल्पना. सर्व्हर मात्र फुकट नव्हते. वेबलॉजिकसारख्या सर्व्हरचे पैसे प्रत्येक सीपीयूमागे, हजारो डॉलरांत मोजले जात.

मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस आहे तो एका छोट्या प्रकरणात. एंटरप्राइज जावाबीन्सच्या स्पेसिफिकेशनमध्ये तांत्रिक नियमांच्या आधी माणसांच्या भूमिका लिहिलेल्या आहेत. सहा भूमिका. बीन लिहिणारा वेगळा. अशी बीन्स जोडून अ‍ॅप्लिकेशन बनवणारा वेगळा. सर्व्हर पुरवणारा, कंटेनर पुरवणारा, यंत्रणा सांभाळणारा. आणि यांच्यात एक 'डिप्लॉयर'. हा माणूस त्या विशिष्ट जागेचा जाणकार असावा, असं स्पेसिफिकेशन म्हणतं. प्रोग्रामरने 'मला एक डेटाबेस लागेल' एवढंच म्हणायचं. तो नेमका कुठला, त्याचा पत्ता काय, हे डिप्लॉयर भरणार. प्रोग्रामरने 'व्यवस्थापक' ही भूमिका लिहायची. या कंपनीत व्यवस्थापक कोण कोण, हे डिप्लॉयर ठरवणार. मला हे वाचताना लग्नाची यादी आठवते. मुहूर्त, आहेर, जेवण, प्रत्येक खात्याला एक मामा किंवा काका नेमलेला. कागदावर फार सुंदर दिसतं.

प्रत्यक्षात बाजारातून बीन्स विकत आणून अ‍ॅप्लिकेशन जोडणारा कोणी मला आजवर भेटलेला नाही. आमच्या अठरा जणांच्या टीममध्ये लिहिणारे, जोडणारे आणि डिप्लॉय करणारे तेच ते होते. आणि 'जागेचे जाणकार' म्हणावं तर ब्रिटनमधल्या ज्या विमा कंपनीच्या सर्व्हरवर आम्ही काम करत होतो, तो सर्व्हर आमच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. त्याच्याबद्दलचं आमचं ज्ञान म्हणजे एक वर्ड फाइल. कन्सोलचे स्क्रीनशॉट, त्यावर लाल चौकटी, 'इथे क्लिक करा, हिरवं दिसेपर्यंत थांबा'. तिला आम्ही रनबुक म्हणायचो.

त्या रात्रीची वेळ ठरलेली होती: लंडनचे दहा, आपले पहाटेचे साडेतीन. तीन तासांची खिडकी. फाइल म्हणजे ईएआर, एक गाठोडं. त्याच्या आत वेबचा भाग वेगळ्या गाठोड्यात, बाकीचा कोड आणखी काही गाठोड्यांत, सोबत कुठे काय जोडायचं ते सांगणाऱ्या एक्सएमएलच्या चिठ्ठ्या. टर्मिनलवर माझा एक सहकारी बसला होता. माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनिअर, हात स्वच्छ, रनबुक तोंडपाठ. फाइल चढली, कन्सोलवर हिरवं झालं. आणि पहिलीच पॉलिसी उघडताना पान कोसळलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची खरी मेख हीच आहे. सर्व्हर स्वतःही जावातच लिहिलेला असतो आणि स्वतःच्या लायब्ररी बाळगून असतो. जावाचा शिरस्ता एकत्र कुटुंबासारखा: काही हवं असेल तर आधी वडीलधाऱ्यांना विचारायचं, त्यांच्याकडे नसेल तरच आपलं कपाट उघडायचं. आमच्या कपाटात एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती होती. वडीलधाऱ्यांकडे जुनी होती, म्हणून मिळाली जुनी. टेस्ट सर्व्हरवर हे दिसलं नव्हतं, कारण तिथला सर्व्हिस पॅक वेगळा होता. ते आम्हाला नंतर कळलं.

वेबलॉजिकमध्ये यावर एका ओळीचा उतारा होता: 'प्रिफर-वेब-इन्फ-क्लासेस'. ती ट्रू केली की वेब अ‍ॅप्लिकेशन आधी स्वतःचं कपाट उघडतं. मला तो माहीत होता. मी चॅटवर सहकाऱ्याला लिहिलं, ट्रू कर आणि परत चढव. त्याने विचारलं, रनबुकमध्ये नाहीये, करू ना? मी लिहिलं, कर.

आधीची चूक गेली आणि दुसरी आली. लॉग सांगत होता की अमुक क्लासची वस्तू अमुक क्लासची समजून वापरता येत नाही, आणि दोन्ही अमुक हुबेहूब तेच. एकाच गल्लीत दोन रमेश कुलकर्णी असावेत, पोस्टमनने एकाचं पत्र दुसऱ्याला द्यावं, असला प्रकार. वेबच्या भागाने नवा क्लास उचलला होता, बाकीच्या भागाकडे जुनाच होता. नाव एक, आणले वेगळ्या कपाटांतून. जावाच्या लेखी ते परके. सहाला आम्ही जुनी फाइल परत चढवली. बाहेर उजाडलं होतं. टपरीवर चहा घेतला, कोणी फारसं बोललं नाही.

सोमवारी क्लायंटचं मेल आलं: रनबुकबाहेरचा बदल, करणाऱ्याचं नाव. नाव सहकाऱ्याचं होतं, कारण लॉगिन त्याचं होतं. दोन आठवड्यांत त्याला त्या प्रोजेक्टवरून काढलं. मी मॅनेजरला सांगायला हवं होतं. माझं अप्रेझल एप्रिलमध्ये होतं. मी सांगितलं नाही.

असल्या रात्री जगभर कुठे ना कुठे चालू होत्या आणि त्यांना कंटाळलेली माणसंही होती. जेम्स डंकन डेव्हिडसनने सनमध्ये असताना लिहिलेला छोटा सर्व्हर १९९९मध्ये अपाचेकडे गेला आणि टॉमकॅट झाला. त्याला फक्त वेबचा भाग येत होता, आणि बहुतेकांना तेवढाच लागत होता. मार्क फ्लरीने सुरू केलेल्या फुकट सर्व्हरचं नाव होतं ईजेबॉस. ट्रेडमार्कवरून सनने हरकत घेतली, मग पहिलं अक्षर गळून तो जेबॉस झाला. २००६मध्ये रेड हॅटने तो विकत घेतला. रॉड जॉन्सनने २००२मध्ये जे-टू-ईईवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातल्या कोडमधून स्प्रिंग उभं राहिलं आणि मार्च २००४मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्याचं म्हणणं साधं होतं: एवढा जडजंबाळ कंटेनर नसला तरी चालतं. माझ्या मते हे तिघे त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीपेक्षा जास्त उपयोगी पडले. मोठ्या कंपन्या तेव्हा एकमेकींना गिळत होत्या. २००८मध्ये ओरॅकलने साडेआठ अब्ज डॉलरला बीईए घेतली आणि २०१०मध्ये सनसुद्धा.

खरी उलथापालथ २०१४च्या सुमारास झाली. स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली, तिने टॉमकॅट थेट अ‍ॅप्लिकेशनच्या जारमध्येच घातला. तोवर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या वाड्यात भाड्याने राहायला जायचं आणि घरमालकाची भांडीकुंडी वापरायचं. आता विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्याच सुमारास डॉकर आलं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा उरलेला पसाराही त्याच बिऱ्हाडात बांधला गेला. टेस्टवर जे चाललं तेच, जसंच्या तसं, पुढे जातं.

जुने सर्व्हर मेले नाहीत, बँका-विमा कंपन्यांत ते अजून आहेत. ओरॅकलने २०१७मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं, पण नाव दिलं नाही. म्हणून ते जकार्ता ईई झालं, आणि २०२०च्या आवृत्तीत कोडमधल्या 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' आलं. तेंगाहनंतर पुन्हा तेच बेट. त्यापायी लाखो ओळी बदलायचं काम निघालं. माझ्याही वाट्याला एक आलं, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनवर. फाइली चाळताना एका वेबलॉजिक डॉट एक्सएमएलमध्ये ती ओळ दिसली. प्रिफर-वेब-इन्फ-क्लासेस, ट्रू.

त्या संध्याकाळी मी सहकाऱ्याचा नंबर शोधून फोन केला. इतक्या वर्षांनी. मी सगळं सांगून टाकलं, मेलचं, मॅनेजरचं, अप्रेझलचं. तो म्हणाला, "अगं, चॅट माझ्याकडेही होतं ना. मी प्रिंट काढून ठेवलं होतं." मग दाखवलं का नाहीस, हे मला विचारता आलं नाही.

"हल्ली कुठला सर्व्हर वापरता?" त्यानेच विचारलं.

"जारमध्येच असतो आता."

"बरं झालं," तो म्हणाला.